समुद्रकाठचं कढत पाणी

माणसं विमानात बसून समुद्रकाठी खड्डे खणायला जातात, असं आमच्या हिंडलग्यात मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मुलीनं मला न्यूझीलंडला नेलं आणि एका सकाळी माझ्या हातात फावडं दिलं. तिथल्या एका किनाऱ्यावर वाळूखाली ऊन पाण्याचे झरे आहेत. ओहोटी लागली की लोक जागा धरतात, वाळू खणतात आणि खड्ड्यात चढलेल्या पाण्यात पोराबाळांसकट डुंबतात. "एवढं खणलं तर आपल्याकडं पोतंभर बटाटं निघत्यात," मी म्हणालो. मुलगी हसली, पण तिचं लक्ष भलतीकडंच होतं.

मी काही समुद्र बघायला गेलो नव्हतो. नोकरीसाठी निघताना ती म्हणाली होती, "दोन वर्षांत परत येते, आप्पा." त्यानंतर तिचं लग्न झालं, तिची आई वारली, बेळगावातली माझी नोकरी संपली, आणि घरात मी आणि टीव्ही असे दोघेच उरलो. फोनवर परतायचं विचारलं की ती "बघू" म्हणायची. तोंडावर विचारलं तर टाळता येणार नाही, म्हणून मी गेलो होतो. महिना होत आला तरी माझ्या तोंडून प्रश्न निघाला नव्हता. गावात मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिथं मात्र माझी पार शेळी झाली होती.

खणायचं कसं, ते मात्र मी दाखवलं. आजूबाजूची मंडळी नुसती वाळू उकरत होती. मी समुद्राच्या बाजूला बांध घातला, तुडवून घट्ट केला. पाणी वर आलं. पाय घातला तो तसाच बाहेर काढला, इतकं कढत. आणि काही कळायच्या आत तोंडातून गेलं, "इसण घाल गं!"

बायको गेल्यापासून हे शब्द मी उच्चारले नव्हते. न्हाणीत बसून मी रोज हाक मारायचो, आणि ती विसणाला गार पाण्याचा तांब्या घेऊन यायची, "रोज सांगाय लागतंय व्हय?" असं मलाच सुनावत. आता गीझर आहे. दोन्ही नळ माझे मीच फिरवतो. त्या किनाऱ्यावर मला माझाच इतका राग आला, की मी पाठ फिरवून उभा राहिलो. मागनं मुलगी बादलीत समुद्राचं पाणी घेऊन आली, काठाकाठानं ओतलं, हातानं ढवळून बघितलं. "बसा आता," म्हणाली.

आम्ही पाय सोडून बसलो. शेजारच्या खड्ड्यातल्या बाईनं तिला काहीतरी विचारलं. हिनं झटकन उत्तर दिलं आणि दोघी खदखदून हसल्या. मला काही कळलं नाही. मुलीचं असलं हसू फोनवर मी कधी ऐकलं नव्हतं. भोवती एवढी माणसं होती, तरी घरात वाटतं त्याहून मला जास्त एकटं वाटलं. ही आता इथली झाली, हे मला कळून चुकलं.

"हितं घर बघितलंईस व्हय?" मी विचारलं.

ती दचकली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे?"

तिनं हातानं पाणी ढवळलं. "तुमी नको म्हटला तर न्हाय घेणार. न्हायतर तुमी बी हितंच या की, आप्पा."

"मी हितं कुणासंगं भांडू गं? आपल्या खडेबाजारात भाजीवाली तरी मला उलट बोलती."

ती हसली नाही. ती वाट बघत होती. महिनाभर माझा प्रश्न माझ्या तोंडात अडकला होता आणि तिचा तिच्या. नको म्हटलं असतं तर ती आली असती. जिभेवर आलंही होतं.

"घे घर," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले, माझा हात धरला, सोडला आणि फोन घेऊन कोरड्या वाळूकडं पळाली. "आप्पा व्हय म्हणाले!" ती नवऱ्याला ओरडून सांगत होती. पहिली लाट बांधावर येऊन आपटली. मी खड्ड्यातच बसून राहिलो. पोरगी सुखात आहे, आणखी काय पाहिजे, असं मी मनाला बजावत होतो. पाहिजे होतं ते पलीकडं फोनवर हसत होतं.