तात्यांच्या फळीवरचे डबे

आमच्या मुलीला कॉलेजात एक जुनी कादंबरी अभ्यासाला आहे. तिच्यात वर्षानुवर्षं घराबाहेर न पडणारा एक माणूस आहे, एवढं ऐकूनच मी चहाचा घोट घेत निकाल देऊन टाकला, "मग खून त्यानेच केला असणार!"

"बाबा, अख्ख्या पुस्तकात सगळ्यात निष्पाप तोच आहे," ती म्हणाली.

पुस्तक न वाचता बोललो याची लाज वाटली नाही; ती माझी सवयच आहे. लाज वाटली ती तात्या आठवले म्हणून.

तात्या कोन गावात आमच्याच गल्लीत, शेवटच्या खोलीत भाड्याने राहायचे. भिवंडीत कापडाच्या लूमवर उमेदीची वर्षं घालवली, त्या खडखडाटात कानही गेले. दार कायम बंद. पाणी भरायचे ते गल्ली उठायच्या आत. कुणी हटकलंच तर "बरा हाय, बरा हाय" म्हणत आत शिरून कडी लावायचे. मी एकदा तारीख विचारली होती. तीही बरी होती.

दिवाळीत बायका त्यांच्या खिडकीत फराळाचा डबा ठेवायच्या. डबा आत जायचा तो कायमचाच. गल्लीने त्यांचं नाव 'डबेखाऊ' ठेवलं. आमची ही मात्र दरवर्षी नवा डबा ठेवायची.

"अगं, तो भांड्यांचं दुकान काढतोय!"

"काढू दे. तुम्ही लाडू कमी खा."

एका उन्हाळ्यात गल्लीतले दोन तांब्याचे हंडे चोरीला गेले. चोर कोण, यावर कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. तात्यांकडून खोली खाली करून घ्या, असा अर्ज घरमालकाला द्यायचं ठरलं. मी शाळामास्तर, अक्षर चांगलं, म्हणून तो मी लिहिला. 'संशयास्पद इसम' लिहिताना तर मी स्वतःवरच खूश झालो.

मालक, मी आणि दोन शेजारी तात्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. हंडे कुठेच नव्हते. समोरच्या फळीवर डबे होते. घासून लख्ख, ओळीने. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. 'मास्तरांकडचा' अशा नऊ.

मालक त्यांच्या कानाशी ओरडला, "परत का नाही दिले?"

"रिकामा कसा देऊ? आमच्यात न्हाय देत. काय तरी घालून द्यावा लागतो." तात्यांनी मान खाली घातली. "मना करंजी येत न्हाय. दोनदा केली. फुटली."

मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि शब्दाखाली बोट ठेवत वाचला. बोट 'संशयास्पद'पाशी थांबलं. त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला.

मी तो तिथेच फाडला. मालकही म्हणाला, "राहा हो, तात्या." पण आठवड्याच्या आत भाचा येऊन त्यांना खारबावला आपल्या घरी घेऊन गेला. हंडे कुणी नेले ते आजही ठाऊक नाही.

तात्या गेले त्या सकाळी प्रत्येकाच्या उंबऱ्यावर ज्याचे त्याचे डबे होते. प्रत्येकात चिमूटभर साखर.

आमचे नऊ डबे मांडीशी घेऊन ही उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "मी फराळ कागदात बांधून दिला असता, तर तो माणूस कधीतरी आपल्या अंगणात येऊन बसला असता हो."