मोटर पारापर्यंत आली पाहिजे

वाट पाहणं मला कधीच जमलं नाही. भाकर तव्यावर टाकली की लगेच उलटायची घाई. आई म्हणायची, या पोरीला दम म्हणून नाही. आणि अशा पोरीला सासर मिळालं ते वाट पाहण्यात पटाईत असलेल्या गावात. आमचं गाव पक्क्या सडकेपासून दोन कोस आत, काळ्या मातीत. मधे एक नाला आणि बाकी सगळी पांदण, म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी रुतली की गाडीवान निवांत चिलीम काढायचा. कोणी ना कोणी येईल, ढकलेल.

महाराष्ट्र तेव्हा नवानवा होता, ग्रामपंचायतही नवी होती आणि सरपंच होते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींचा आवाज मोठा आणि शब्द त्याहून मोठा. एकदा चारचौघांत बोलले की बदलायचे नाहीत, मग ते कितीही चुकीचं असो.

लग्नाआधी मी मास्तरणीचं शिक्षण पुरं केलं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर बोरी अरबच्या मुलींच्या शाळेत जागा रिकामी झाली. माझ्या वडिलांनी कळवलं, संक्रांतीपर्यंत रुजू झाली तर जागा तुमच्या सुनेची, नाहीतर दुसरी बाई तयारच आहे. माझा तर पाय जमिनीवर ठरेना. सडकेवरून बोरीला मोटर होती. प्रश्न होता फक्त सडकेपर्यंतच्या दोन कोसांचा, आणि मी ते धावत गेले असते.

मामाजी ओसरीवर चार माणसांत बसले होते. त्यांनी तिथंच निकाल दिला.

"आमच्या घरची सून नाला उतरून पायी नौकरीले नाही जाणार. मोटर गावात येऊ दे. मारोतीच्या पारापर्यंत येऊ दे. मंग जाय म्हना खुशाल, मी आडवा नाही येत."

ओसरीवर हशा पिकला. एक जण म्हणाला, "न नौ मन तेल होगा, न राधा नाचेगी!" आतल्या दारामागे मी रागानं लाल झाले. माझा नवरा भला माणूस, पण बापापुढे मान खाली घालणारा. माझ्यापुढेही तो तेच करायचा, म्हणून त्याच्याशी भांडून काही उपयोग नव्हता.

आठवड्याभरात विकास खंडाचे साहेब आले आणि चावडीपुढे सांगून गेले की गावानं श्रमदान करून रस्ता केला, तर सरकारी मोटर तपासणीला येईल. ती पारापर्यंत येऊन फिरून गेली, तर रोजची गाडी सुरू. नाही आली, तर पुढल्या हिवाळ्यात पाहू. मला वाटलं, देवच बुशकोट घालून आला!

दुसऱ्या दिवशी कोतवालानं डफडं वाजवून दवंडी दिली. घरामागे एक माणूस, कुदळ नाहीतर टोपलं घेऊन नाल्यावर. नियम मामाजींनीच केला होता. कापसाची वेचणी भरात होती, नवरा वावरात. मी टोपलं घेऊन अंगणात उभी राहिले.

"लोक काय म्हनतीन वो?" सासूबाई घाबरल्या.

"म्हनतीन, सरपंचाच्या घरचं मानूस आलं," मी म्हटलं आणि निघाले. आपल्याच नियमात मामाजी सापडले होते.

नाल्याच्या पलीकडे बंजारा तांडा होता आणि तांड्यामागच्या टेकडीत मुरूम. गावानं माती उकरायची, तांड्यानं मुरूम आणायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही मोजकेच, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून सल्ले देणारे म्हातारे आमच्याहून जास्त. उंटावरून शेळ्या हाकणं सुरू होतं. मग तांड्याच्या बाया आल्या. कोपरापर्यंत बांगड्या, आरसे लावलेले घागरे, डोक्यावर मुरमाचं भरलेलं टोपलं आणि हात मोकळे! चालता चालता आपल्या बोलीत गाणं. मी दोन्ही हातांनी टोपलं धरून डुगडुगत चाललेली पाहून त्या इतक्या हसल्या की गाणं थांबलं. एका म्हातारीनं, सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई, माझ्या डोक्यावर पदराची चुंबळ नीट बसवून दिली. माझे हात सुटले त्या दिवशी मी घरापर्यंत रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन आले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

आणि मग गावाला वेड लागलं. खरंच सांगते, वेडच. गाव पुढे जातं का तांडा, अशी चढाओढ लागली. ज्यांच्या घरून एक माणूस यायचं तिथून दोघं येऊ लागली. कापूस वेचून बाया परस्पर नाल्यावर यायच्या. बैलांना वखर जुंपून मुरूम सारखा केला, नाल्याचा उतार कापून सपाट केला. धुऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनाही बसवेना, त्यांनी दगड वेचायला घेतले. एका दुपारी नाल्याच्या वाळूत गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. गाव आणि तांडा एका पंगतीत जेवायला बसला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी इतकी जेवले की उठवेना. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

मामाजी रोज छत्री घेऊन पाहायला यायचे. त्यांची मोठी पंचाईत होती. सरपंच म्हणून त्यांना मोटर हवी होती आणि सासरा म्हणून नको होती. नाल्याचा उतार पाहून खूश व्हायचे, मला पाहिलं की तोंड पाडायचे.

तपासणीचा दिवस ठरला, संक्रांतीच्या तोंडावर. मग मामाजींनी स्वागताचं मनावर घेतलं. वेशीत कमान पाहिजे! सागाचे चार वासे, वर बांबूच्या कामट्यांचा विणलेला ताटवा, शिंदीच्या झावळ्या, आंब्याचं तोरण, मधोमध नारळ. तांड्याच्या बायांनी आपल्या कशिद्याच्या आरसेदार पट्ट्या वर शिवून टाकल्या. नमनालाच घडाभर तेल, पण कमान अशी झाली होती की पाहत राहावं. उंची कशी धरली? मामाजींनी आपली कापसानं भरलेली गाडी खाली उभी केली आणि वर हातभर जागा सोडली. आमच्या मुलुखात भरल्या कापसाच्या गाडीहून उंच चालतं काय? कोणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मोटरीत आम्ही बसलो होतो, पण आत. तिच्या टपाकडे कोणी पाहिलं होतं? त्यात आदल्या दिवशी गाव आणि तांडा दोघांनाही हौस आली. साहेबाची पहिली नजर वेशीवर पडणार म्हणून तिथं मुरमाचा आणखी एक थर, त्यावर आणखी एक. रस्ता वर आला, कमान होती तिथंच राहिली.

तपासणीच्या सकाळी सगळा गाव नाल्यावर. नाला पार झाला म्हणजे जिंकलो, असंच आम्ही धरून चाललो होतो. लांबून धूळ दिसली, मग भोंगा ऐकू आला. लाल मोटर उतारावर आली, नाक खाली घालून उतरली, वाळूतून घरघरत पलीकडे चढली. एकही चाक फसलं नाही! मी ओरडले. डोक्यावरचा पदर पडला आणि मी तो उचललाही नाही. आम्ही सगळे मोटरीच्या मागं धावत सुटलो, बाया, बापे, कुत्री.

वेशीत येऊन मोटर थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून वर पाहिलं. टपावरची सामानाची जाळी कमानीच्या बांबूहून चांगली दीड हात वर होती.

साहेब खाली उतरले, वर पाहिलं, घड्याळ पाहिलं. "सरपंच, कमान काढा. मला अजून एका गावाला जायचं आहे. पारापर्यंत गाडी गेल्याशिवाय मला पास करता येत नाही."

कमान काढायची? पाहुणा आत यायच्या आधी तोरण तोडायचं? कोणी पुढं होईना. तांड्याच्या बाया आपल्या पट्ट्यांकडे पाहत होत्या. त्यांच्या हातचं तोडलं, तर नाल्यावरच्या पंगतीचं सगळं पुण्य पाण्यात. एक जण हळूच म्हणाला, "वेशीत आली म्हनजे गावात आलीच ना साहेब. इथंच नारळ फोडू." साहेबांनी मान हलवली आणि ड्रायव्हरला मागं घ्यायची खूण केली.

मी मामाजींकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मोटर आली होती आणि आली नव्हती. सरपंचाची अब्रू जवळजवळ राहिली होती आणि सून घरातच राहणार होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला रडू येत होतं, पण त्याआधी तोंड उघडलं.

"मामाजी, पारापर्यंत म्हनलं होतं तुम्ही!"

भर गर्दीत, साहेबांपुढे, बिनपदराची सून सासऱ्याला बोलली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही खरं नाही.

तेवढ्यात तांड्याचा म्हातारा नाईक पुढं आला. "तोडाले कायले लागते जी? आमचे बापदादे अख्खा तांडा उचलून गावोगाव फिरले. चार वासे उचलाले मानसं नाही का आपल्यापाशी?"

मामाजींनी छत्री माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. कोट काढला. कमानीच्या पुढच्या वाश्याला जाऊन मिठी मारली आणि ओरडले, "पाहून काय राह्यले बे? धरा! पारापर्यंत म्हनलो होतो मी!"

मग काय विचारता! वाश्यांच्या बुडाचा मुरूम पहारी-सब्बलींनी मोकळा केला. एकेका वाश्याला गावचे आणि तांड्याचे मिळून जमतील तेवढे हात लागले. "हय्या" म्हटलं आणि कमान जमिनीतून सुटली, डुलली, वर गेली. वासे छातीशी धरून माणसं उभी. मोटर मुंगीच्या चालीनं खालून निघाली, नारळ टपाच्या जाळीवर टणटण वाजत गेला आणि लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. मोटर बाहेर पडली तरी कमान खाली ठेवायला कोणी तयार नाही! ती तशीच उचलून मोटरीच्या मागं मिरवत निघाले, आरसे चमकताहेत, डफडं वाजतंय, पुढल्या वाश्याला मामाजी, धोतराचा सोगा सुटलेला. मोटरीत परत चढलेले साहेब मागच्या खिडकीतून पाहून हसत सुटले होते.

मोटर पारापर्यंत आली. पाराला वळसा घालून फिरली. साहेबांनी हात वर करून "पास" म्हटलं.

याडीनं मला कवेत घेतलं. मी हसत होते का रडत होते, मला माहीत नाही. मोटर परत निघायची म्हणून ड्रायव्हरनं भोंगा दिला, तेव्हा मामाजी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. तळहात सोलले होते, मिशीत मुरूम. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ मोटरीच्या दारापाशी नेलं.

"साहेब, बोरीपर्यंत एक सवारी न्या," ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. "गावची मास्तरीण आहे. आजच रुजू होऊ द्या."

मी वाकले, त्यांच्या पायांना हात लावायला. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि पायरीकडे ढकललं.

"पाया मंग पडजो, पोरी. मोटर निघून राह्यली."