हवालदार धर्माची जाळरेषा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सैन्याच्या सिग्नल विभागातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नोकरीत असताना सैन्याने मला बी.ए. करू दिले, हे उपकार मी विसरत नाही.

गावामागचा डोंगर तोडीने उघडा पडला होता. आम्ही चार माजी सैनिकांनी वनखात्याच्या परवानगीने तेथे पुन्हा जंगल उभे करायचे ठरवले. परदेशी सुबाभळीची रोपे फुकट मिळत होती, ती नाकारली. उरल्यासुरल्या जुन्या झाडांखालचे बी वेचले आणि ऐन, हिरडा, बेहडा, मोह लावला. सकाळी सहाला रोल कॉल. पावसाळ्यात लागवड. हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी झाडांखालच्या उतारावर गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. ते काम आमच्यातल्या इंजिनिअर रेजिमेंटच्या हवालदार धर्माकडे.

पाचव्या वर्षी झाडे आमच्या डोक्यावर गेली. त्याच वर्षी रस्त्यालगत प्लॉट विकणारे आले. त्यांना पायथा साफ हवा होता. मार्चमध्ये, भर दुपारी, त्यांच्या माणसांनी खालचे गवत पेटवले. आम्ही चौघांनी वरून पाहिले.

वारा डोंगराकडे होता. ज्वाळा पट्टा ओलांडणार हे दिसत होते.

धर्मा म्हणाला, "समोरून आग सोडतो. पट्ट्याखालचं गवत आपणच जाळलं का वणव्याला खायला काय नाय उरत."

"आणि वारा?"

"बी.ए. साहेब, तुमी फांदी घ्या नि ठिणग्या झोडा. इचार मागनं."

तो पट्ट्याच्या कडेने गवत पेटवत ओहोळाकडे गेला. आमच्याकडे वॉकीटॉकीचा एक जोड होता; एक सेट त्याच्याकडे, दुसरा माझ्याकडे.

"धर्मा, ओहोळातून धूर चढतोय. मागे फिर. ओव्हर."

"टोक राह्यलंय. ते सोडलं तर सगळं फुकट. ओव्हर."

"मागे फिर. ऑर्डर आहे."

"रिटायर झालो ना रे आपण?" तो हसला.

नंतर सेटवर आवाज आला नाही. दोन्ही आगी भिडल्या आणि विझल्या. धर्मा ओहोळाच्या काठावर सापडला.

पंचनाम्याला आलेल्या पोलीस साहेबांनी त्याच्याजवळची काडेपेटी पाहिली आणि वणवा त्यानेच लावला असे ठरवून टाकले. आम्ही तिघांनी पाहिलेले सांगितले. "तुम्ही त्याचेच दोस्त," असे उत्तर मिळाले. प्लॉटवाल्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. पावसाळ्याआधी पायथ्याला त्यांचे फाटक उभे राहिले.

धर्माची बायको जनावहिनी साहेबांसमोर उभी राहिली. "उभा जनम वर्दीत गेला त्यांचा. नि आता आगलावे?"

साहेब जीपमध्ये बसले.

ज्याला अजून संशय असेल, त्याने डोंगरावर यावे. पट्ट्याच्या वरचे एकही झाड जळालेले नाही. आग लावणारा माणूस झाडे पाठीशी ठेवून, अंगावर येणाऱ्या वणव्याकडे तोंड करून मरत नाही.

हवालदार धर्मा तसा मेला.