आईच्या गालावरची पावडर

आईला सारखं लघवीला जावं लागायचं. त्यामुळे लांबच्या लग्नांना ती जातच नसे. गेलीच तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं सोडायची. मग डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, आणि मे महिन्यात पारशिवनीच्या लग्नाला जाताना ती बसमध्ये चक्क खिडकीशी बसली. "कोनाले सांगू नको गोळीचं," एवढं मात्र तिनं बजावलं. "लोकं हासतीन."

मांडवातले पंखे गरम वाराच फेकत होते. सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या. मावशी आईला म्हणाली, "तुयी पावडर तं जागची हालली नाही वं. कोनती लावली?"

"पावडर जुनीच हाये. चेहरा भारी हाये."

बायका हसल्या. मी आईजवळ सरकले. पावडरखाली गाल लाल झाले होते. हात लावला तर तापलेले, आणि अगदी कोरडे. तोंड सुकतं म्हणून ती बडीशेप चघळत होती.

मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आईच्या या लघवीच्या गोळीनं घाम कमी होतो, उन्हात अंग तापू शकतं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. तिच्या कानाशी विचारलं, "आनखी काही घेतलं का?"

"शेजारच्या काकूनं सर्दीची गोळी देल्ली सकाळी. झोपच येऊन राहिली तिच्यानं."

तीही घाम आणि तोंड सुकवणारीच असावी. दोन्ही एकत्र, त्यात हे ऊन. पण सगळ्यांसमोर गोळीचं बोलायचं कसं? शिवाय माझंच चुकत असेल तर, हा विचार मला नेहमी आधी येतो. शेवटी म्हटलं, "आई, मले चक्कर येऊन राहिली."

ती ताडकन उठली. मला धरून कूलर असलेल्या खोलीत घेऊन गेली. मी दार लोटलं, तिलाच कूलरसमोर बसवलं, ओढणी बादलीत बुडवून तिच्या डोक्यावर, मानेवर पिळली.

"चक्कर तुले आली ना? मंग मायं डोस्कं काहून ओलं करून राहिली?"

"तुले घाम येऊन नाही राहिला, आई. त्या दोन गोळ्यांनी."

"मंग चांगलंच हाये ना."

"नाही ना," म्हटलं, आणि मला रडू आलं. त्यावर ती मी देईन तसं घोट घोट पाणी पीत राहिली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अंग असंच गार करत राहा, सर्दीची गोळी पुन्हा देऊ नका, निवलं नाही किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर लगेच दवाखान्यात न्या. हळूहळू गाल निवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लघवीच्या गोळीची मात्रा कमी केली, आणि अशा गोळ्यांनी बळावणारा काचबिंदू नाही ना, हे पाहायला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

आई आता सगळ्या लग्नांना जाते. ऊन चढलं की पाण्याची बाटली उचलते आणि बायकांना सांगते, "चलतो बाई आमी. माह्या पोरीले उन्हाळा सोसत नाही."

मीही मान हलवते. माझ्या पाठीवरून घाम ओघळत असतो.