माझा चेहरा लावून

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. नवा गळा, नवी बाही शिवली की मीच घालते, दुकानासमोर उभी राहते आणि फोटो फेसबुकवर टाकते. बरंच गिऱ्हाईक ते फोटो बघूनच येतं. त्या दिवशी मात्र एक गृहस्थ आले. चाळिशीचे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात साडीचा खोका. माझ्याकडं बघून ते असे हसले, जणू मी त्यांचीच वाट बघत होते.

"आलो बघा," ते म्हणाले. "न सांगताच आलो. मायबी आलीय, रिक्षात बसलीय."

"कोण तुमी?"

त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. "आवाज येगळा हाय," ते हळूच म्हणाले. "फोनवरचा आवाज तुमचा न्हाई."

त्यांनी मोबाईल पुढं केला. फोटो सगळे माझे, नाव भलतंच. खाली मेसेज: जेवलात का, फवारताना तोंडाला रुमाल बांधा. ते पोखर्णीचे शेतकरी. लग्न जमता जमता राहिलेलं. ती बाई रोज विचारपूस करायची, कधी फोनवर बोलायची, व्हिडिओ कॉल मात्र टाळायची. मग तिच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि सोयाबीनचे पैसे तिकडं गेले. एका फोटोत मागं आमच्या दुकानाची पाटी दिसली, तेव्हा ही आपल्याच जिल्ह्यातली म्हणून ते आनंदानं माईला घेऊन निघाले होते.

माझा चेहरा लावून कुणीतरी या माणसाशी संसाराच्या गोष्टी करत होतं! बोलणं ऐकून सासूबाई आतून आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज खणखणीत. मला वाटलं, आता या माणसाची धडगत नाही. पण सासूबाईंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः रस्त्यावर गेल्या आणि रिक्षातल्या म्हातारीला हाताला धरून आत आणलं.

चहा झाल्यावर म्हातारीला सगळं सांगावं लागलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "फोटोत दिसती तशीच हाय लेक," एवढंच म्हणाली.

"माय, गावात कुणाला सांगू नगं," ते खाली मान घालून म्हणाले. "लोक हसतील."

"तू कुणाला लुटलंस का?" म्हातारी कडाडली. "मग तोंड का लपवायलास?"

मला धीर आला. म्हटलं, "भाऊ, तुमचे पैसे नेले, माझं तोंड नेलं. चोरी दोघांच्या घरी झाली. चला पोलिसात."

नवरा पूर्णेला रेल्वेत नोकरीला. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमी निघा, मी मिळंल त्या गाडीनं आलोच." दुकानाला कुलूप लावून आम्ही चौघं एकाच रिक्षात बसलो.

सायबर पोलिसांकडं एक बाई अधिकारी होत्या. "सुरुवातीपासून सांगा, घाई नाही," त्या म्हणाल्या. भाऊ अडखळत सांगू लागले. बाकावर बसलेला एक जण फिस्सकन हसला. सासूबाई त्याच्याकडं वळल्या. "काय हसायलाव? तुमच्या घरी फोन न्हाई का?" तो उठून बाहेरच गेला. अधिकारीबाईंनी तिथूनच बँकेला कळवलं. चोराच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवली गेली.

घरी आल्यावर मी शिलाई मशीनवर बसून व्हिडिओ केला. "हा चेहरा माझा आहे. मी ब्लाउज शिवते, कुणाकडं ऑपरेशनला पैसे मागत नाही. माझ्या फोटोला कुणी फसलं असेल तर या, सोबत जाऊ." माझ्या गिऱ्हाईक बायकांनी तो गावोगाव पोचवला. खोटं खातं बंद पडलं. पूर्णेचे एक रिटायर गृहस्थ पैसे पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात सुनेनं त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांचा फोन आला, तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवून चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढं ज्याच्या खात्यात पैसे गेले होते, तो माणूस सापडला. भाऊंचे सगळे पैसे आले नाहीत, पण बरेच आले. त्याहून मोठी गोष्ट पोखर्णीत घडली. नरसिंहाच्या देवळासमोर, गावातली माणसं बसली असताना, भाऊंनी स्वतः उठून आपली हकिकत सांगितली. कुणी हसलं नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "बोललास, लय चांगलं केलंस."

परवा ते पुन्हा दुकानात आले. सोबत दुसऱ्या गावचा एक जण होता, नजर जमिनीवर.

"ताई, हे लय दिवस गप बसले होते," भाऊ म्हणाले. "आज बोलायचं म्हणायलेत."

मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. "तुमी गिऱ्हाईक बघा. मला रस्ता माहीत हाय."

आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून, ताठ मानेनं, त्यांनी रिक्षाला हाक मारली.