बिजलीच्या फासळ्या

"एवढ्या लांब जाऊन तीन कुत्री बघणार?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. चंद्रपूरच्या श्वानप्रदर्शनात व्हिपेट जातीचं परीक्षण करायला मला बोलावलं होतं आणि नोंदणी खरोखरच तिघांची होती. पण एकटीने परीक्षण करायची माझी ही पहिलीच वेळ, शिवाय ताडोबा तिथून जवळ. मी तिकीट काढून मोकळी झाले.

व्हिपेट म्हणजे शिकारी जातीचं, पळण्यासाठीच घडवलेलं कुत्रं. छाती खोल, पोट वर चढलेलं, कंबर बारीक. माझा कुत्रा बघून आमच्या सोसायटीतले लोक अजूनही विचारतात, "आजारी आहे का हो?"

पुण्याहून रेल्वेने नागपूर आणि तिथून एसटीने चंद्रपूर. एसटीचे चार तास धरून चाला. वरोऱ्याला गाडी थांबली की पोहे खाच. मी आधी सावधपणे विचारलं, "भाऊ, पोह्यांवरची तर्री तिखट आहे का?"

"नाई बाई, आपली साधीच हाये," पोहेवाले भाऊ म्हणाले.

भाऊ खोटं बोलले. भद्रावतीपर्यंत माझं नाक वाहत होतं, पण परतताना मी पुन्हा तेच पोहे खाल्ले. पुढे कोळशाचे ट्रक लागतात, त्यामुळे पांढरे कपडे अजिबात नेऊ नका. माझा पांढरा कुर्ता लॉजवर पोचेपर्यंत राखाडी झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाबाहेर चहा घेत होते. चांगली थंडी होती. शेजारच्या बाकड्यावर दोन बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी, रंगीत तुकड्यांच्या गोधडीचा कोट घातलेला एक व्हिपेट. फक्त तोंड आणि चार पाय बाहेर.

"नसरीनबाई, घाबरता काऊन? दोन महिने चारून राह्यलो ना आपण हिले," एक म्हणाली.

"तुमीच म्हणत होत्या ना पुष्पाबाई, उपाशी ठेवते म्हून? सारा मोहल्ला म्हणे. आज जजनं बी वाळली म्हटलं तर मी सोता बिजलीले सिंदेवाहीले तुमच्या भावाकडे पोचवून देईन. मंग मले ठेवायचा हक नाई."

परीक्षकाने असलं काही ऐकायचं नसतं. मी अर्धा चहा टाकून पळाले, पण ऐकलं ते ऐकलंच.

रिंगणात कोट उतरला आणि मी चाटच पडले. खांदे, मान, पाठीची कमान, काय सुरेख बांधणी! पण कंबर गायब. टेबलावर उभी करून हात फिरवला तर फासळी शोधायला बोटं रुतवावी लागली. गोल चक्कर मारताना पहिल्या वळणापर्यंत बिजली नावाप्रमाणे चमकली, दुसऱ्या वळणाला धापा टाकायला लागली. बाकी दोघांपैकी खाणीतल्या साहेबांचा कुत्रा टेबलाखालून बाहेर यायलाच तयार नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांचा कुत्रा बांधणीने बेताचा, पण अंगाने कसलेला आणि एका लयीत पळणारा.

पहिला नंबर बिजलीला द्यावा असं फार वाटलं. चहाच्या बाकड्यावरचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. पण पळण्यासाठीच्या कुत्र्याला पळवत नसेल तर मी तिथे कशाला गेले होते? पहिला डॉक्टरांचा, दुसरी बिजली. नसरीनबाईंचा चेहरा पडला आणि मला मनापासून वाईट वाटलं.

तिथल्या पद्धतीप्रमाणे निकालानंतर आयोजकांनी माझ्या हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणून. मी म्हटलं, "तिघांत उत्तम बांधणी बिजलीची. तिचा पहिला नंबर गेला तो एकाच कारणाने, ती जाड झालीय. या जातीच्या फासळ्या थोड्या दिसायलाच हव्यात. कृपा करून तिला कमी खायला घाला."

मैदानभर हशा पिकला. पुष्पाबाई दोरीपाशी उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. "म्हंजे पैले होती तशीच बरोबर होती का?"

"अगदी बरोबर होती."

त्या दोरीखालून आत आल्या. मग बिजलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग आमच्यानंच गेला हो हिचा नंबर."

नसरीनबाई एकदम रडायला लागल्या आणि रडतारडताच मला सगळं सांगू लागल्या, मोहल्ल्याच्या बोलण्यापासून सिंदेवाहीपर्यंत. त्या बल्लारपूरला लेडीज टेलर. बिजली त्यांच्याकडे आली ती बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून, एवढंसं पिल्लू असताना. गोधडीचा कोट अर्थात त्यांनीच गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेला. निघताना त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी ताडोबा. मोहर्ली गेटची जीप आदल्या दिवशीच ठरवा, आणि मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. वाघ दिसला नाही. रानगवा दिसला, काळाभोर, आमच्या जीपकडे ढुंकूनही न बघणारा. त्याच्या फासळ्या काही मला दिसल्या नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग, तीन कुत्र्यांत काय पाहिलंस?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. परवा बल्लारपूरहून पाकीट आलं. आत एक फोटो. मधोमध बिजली, कंबर अशी की मुठीत यावी. भोवती मोहल्ला, आणि पट्टा पुष्पाबाईंच्या हातात.

फोटोच्या मागे लिहिलं होतं, "फासळ्या मोजून घ्या, मॅडम. आता कोनी पोळी टाकली का पुष्पाबाईच भांडते. सिंदेवाहीले नाई पाठवली."