एरंडीची पेंड

ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत स्लरी सोडतात. एरंडीची पेंड गुळाच्या पाण्यात भिजवायची, शेण कालवायचं, आंबवून वेलींच्या मुळाशी द्यायची. पेंडीत प्रथिनं ठासून भरलेली. ती मातीत कुजतात, त्यातला नत्र मुळं ओढून घेतात आणि वेल त्यातून स्वतःची नवी प्रथिनं बनवते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे तोंडपाठ. घरात माझं ऐकतंय कोण म्हणा.

त्या दिवशी नवऱ्याने पेंड भिजवली आणि घमेलं ठेवलं कुठे, तर गोठ्याच्या दारात. शेण नंतर कालवू म्हणून बागेत गेला. संध्याकाळी सासूबाई गोठ्यात आल्या. गाईला त्या रोज शेंगदाण्याची पेंड भिजवून देतात. लेकानं आपलं काम हलकं केलं असं वाटून त्यांनी घमेलं तिच्यापुढे सरकवलं. मी शाळेतून येईपर्यंत ते चाटूनपुसून रिकामं. ही गाय म्हणजे आई मेलेली कालवड, सासूबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आणि आता ती पहिल्यांदा गाभण होती.

मी पिशवी टाकून गाईजवळ धावले. गाय मात्र मजेत रवंथ करत होती.

"आई, ही एरंडीची होती. विष असतं तिच्यात."

"विष असतं तर पडली नसती का? तुझं आपलं कायतरी."

नवरा म्हणाला, तेल तर घाण्यात निघून गेलंय, आता कसलं विष? मला असा संताप आला! अरे बाबा, तेल जातं, विष पेंडीतच राहतं. ते विष म्हणजेही एक प्रथिनच. बी कुणी खाऊ नये म्हणून एरंड ते बियांत साठवून ठेवतो. पोटात गेलं की ते पेशींत शिरतं आणि तिथलं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. आधी बनलेल्या प्रथिनांवर शरीर थोडा वेळ रेटतं, म्हणून वरून लगेच काही कळत नाही. मला त्या रवंथाचीच भीती वाटत होती.

जनावरांचे डॉक्टर आले, कोळशाची पूड पाजली, सलाईन लावलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, यावर उतारा नाही.

सकाळी गाय उभी होती. "काय गं सायन्सवाली, हाय ना उभी?" सासूबाई हसल्या. दुपारी रवंथ थांबला. मग हगवण लागली, तिच्यात रक्त. कान गार पडले. सासूबाई तिची मान मांडीवर घेऊन मक्याची हिरवी पानं तोंडाशी धरत राहिल्या. खा गं बाई, खा. दुसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्या वासरासकट.

बांधाला खड्डा खणत होते तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"आधीचीच आजारी असंल ना गं ती? तू शिकलेली, तू सांग."

वर्गात मी चुकीच्या उत्तराला अर्धा मार्कही देत नाही. "आजारीच होती, आई," म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मग डॉक्टर मला घमेल्याला लावलेले हात साबणानं धुवा, दोनदा धुवा म्हणत व्हते, ते कशापायी?"